लोहाच्या नॅनोकणांनी लिम्फ नोडचा एमआरआय: डोस, वेळ आणि वाचन

मोठा लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) संशयास्पद आणि लहान नोड ठीक, असा नुसता आकाराचा हिशेब केला की लहान नोडमध्ये शिरलेला कॅन्सर हमखास सुटतो. प्रोस्टेट कॅन्सरच्या 80 रुग्णांवरचा 2003 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा: साध्या एमआरआयने बाधित नोडपैकी 35.4 टक्केच पकडले, नॅनोकण दिल्यावर 90.5 टक्के.

डेक्स्ट्रानचं आवरण असलेले, साधारण 30 नॅनोमीटरचे लोह-ऑक्साइडचे कण शिरेतून दिले की ते हळूहळू ऊतींत झिरपतात, लसिकेबरोबर नोडमध्ये पोचतात आणि तिथल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळतात. लोह साठलेला नोड टी-टू-स्टार या लोह टिपणाऱ्या एमआरआय चित्रात काळा पडतो. कॅन्सरने व्यापलेला भाग पांढराच राहतो. थोडक्यात, इथे औषध निरोगी भागात साठतं, रोगात नाही.

या कणांचं औषध म्हणजे फेरुमॉक्सट्रान-10. त्याचा डोस वजनाच्या किलोमागे 2.6 मिलिग्रॅम लोह. 60 किलोच्या रुग्णाला 156 मिलिग्रॅम. ते 100 मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून, फिल्टर लावून, किमान 30 मिनिटं घेऊन सोडा. सुरुवात आणखी हळू. घाई केली की कंबर दुखू लागते. तसं झालं तर ड्रिप थांबवा, दुखणं ओसरलं की कमी वेगाने पुन्हा चालू करा. पुरळ, धाप किंवा रक्तदाब घसरणं ही मात्र ॲलर्जी. तिथे पुन्हा चालू करायचं नाही. डेक्स्ट्रान किंवा शिरेतल्या लोहाची ॲलर्जी, तसंच शरीरात लोह साचण्याचा आजार असेल तर ही तपासणी टाळा.

स्कॅन 24 ते 36 तासांनी. त्याच दिवशी उरकायचा मोह होतो, पण तोवर कण नोडमध्ये पुरेसे पोचलेले नसतात आणि निरोगी नोडही पांढरा दिसतो. स्कॅनआधी आतड्याची हालचाल थांबवणारं औषध द्या. आतड्यातला वायू शेजारच्या नोडवर खोटा काळेपणा पाडतो, तेही ध्यानात असू द्या.

दोन सीक्वेन्स (चित्र घेण्याच्या पद्धती) हवेत: रचनेसाठी टी-वन आणि लोहासाठी टी-टू-स्टार, दोन्ही 1 मिलिमीटरच्या आसपास बारकाईचे. इको टाइम (संदेश टिपण्याआधी थांबायचा वेळ) फार लांबवला तर काळेपणा पसरून कॅन्सरची छोटी पांढरी ठिणगी गिळून टाकतो. फार आखूड ठेवला तर निरोगी नोड काळा पडत नाही. चरबी दाबलेल्या चित्रात काळ्या चरबीत काळा नोड दिसेनासाच होतो, म्हणून जागा टी-वनवर पक्की करायची.

खरी गफलत वाचताना होते. चरबी दाबली नसेल तर नोडच्या देठाची चरबी पांढरी दिसते. ती टी-वनवरही पांढरीच असते, कॅन्सर तसा नसतो. त्रिकास्थीपुढचा (कण्याच्या खालच्या टोकाच्या हाडापुढचा) मज्जातंतूचा गँग्लियन, म्हणजे मज्जापेशींचा गोळा, हुबेहूब बाधित नोडसारखा दिसतो. लागोपाठच्या स्लाइस सरकवत जा. तो मज्जातंतूला जोडलेला सापडेल. रक्तवाहिनीही अशीच पुढे धावत जाते, नोड संपतो. दाहाने सुजलेल्या नोडमध्ये लोह कमी भरतं, तिथे उगाच पॉझिटिव्ह रिपोर्ट जातो.

2 मिलिमीटरहून लहान कॅन्सरची पेरणी बहुधा दिसत नाही. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘प्रसार नाही’ न लिहिता ‘या तपासणीत प्रसार दिसला नाही’ असं लिहा. यकृतही लोहाने काळवंडतं. पुढे त्याचा एमआरआय होणार असेल तर नॅनोकण दिल्याची तारीख त्याच रिपोर्टमध्ये नोंदवा.