डब्यासाठी शेंगाचटणी, खोलीवरच्या मिक्सरमध्ये

शिक्षणसेवक म्हणून नवी नेमणूक, सोलापुरात भाड्याची खोली आणि सकाळची शाळा असेल तर रविवारीच शेंगाचटणी करून ठेवावी. पाव किलो शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर 15 मिनिटं भाजा. आच मोठी केली की सालं करपतात, आतला दाणा कच्चाच राहतो. सालं काढायची ती दाणे पूर्ण गार झाल्यावरच. कोमट कुटले तर वाफ धरून चटणी लवकर खराब होते.

खरी चटणी उखळातली, हे मान्य. मिक्सर सलग फिरवला की पातं तापून नुसता लगदा होतो. म्हणून आधी 10-12 लसूण पाकळ्या, चहाचा चमचाभर जिरं, दोन चमचे तिखट, दीड चमचा मीठ भरड करा. मग दाणे घालून दोन-तीन सेकंदांचे झटके द्या. दर वेळी चमच्यानं खालवर करा. मुठीत दाबून गोळा झाला, बोटांना तेल लागलं, की थांबा.

लसूण कच्चा, त्यामुळे उन्हाळ्यात बरणी फ्रिजमध्येच. ओला चमचा अजिबात नको. सोबत कडक भाकरी असेल तर दही वेगळ्या डबीत न्या.