परागवाहक माश्यांच्या संग्रहाची डिजिटल नोंद : या चुका टाळा

आंब्याच्या मोहोरावर परागवहनाचे बरेचसे काम माश्या करतात. धने, गाजर, कांदा यांच्या फुलोऱ्यावरही त्या मोठ्या संख्येने येतात. त्यांपैकी सिरफिड या कुळातील माश्यांच्या सुमारे ६,००० जाती जगात नोंदल्या गेल्या असून अनेक जातींच्या अळ्या पिकावरचा मावा खातात, म्हणून शेतकऱ्याला त्यांचा दुहेरी उपयोग होतो. पन्नास-शंभर वर्षांपूर्वी आपल्या भागात यांपैकी कोणती माशी होती, हे आज सांगू शकतात ते मुख्यतः कीटकपेट्यांत टाचणीवर टिकलेले जुने नमुने. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील ज्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना अशा नमुन्यांची संगणकीय नोंद करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

चिठ्ठी ‘सुधारून’ लिहिणे

सर्वांत मोठे नुकसान कॅमेऱ्यामुळे होत नाही, ते टंकलेखनात होते. नमुन्याच्या टाचणीला लावलेल्या चिठ्ठीवर इंग्रजीत ‘बेलगाम, बॉम्बे’ असे असते आणि नोंद करणारा सद्हेतूने त्या जागी आजचे नाव टाकतो, किंवा ‘बॉम्बे’ वाचून राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र आणि कधी थेट मुंबई शहर लिहून मोकळा होतो. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, म्हैसूर राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले आणि शहराचे ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव २०१४ पासूनचे आहे. त्यामुळे १९६२ च्या चिठ्ठीवरील ‘मायसोर’ हे बहुधा राज्याचे नाव असते. ते शहर समजल्यास माशी चारशे किलोमीटरहून अधिक दक्षिणेला जाऊन बसते. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता आणि नंतर कोल्हापुरात गेला, तेव्हा ‘चंदगड, जिल्हा बेळगाव’ अशी जुनी चिठ्ठी चुकीची नसते, तिला हात लावण्याचे कारण नाही.

उपाय सोपा आहे, पण तो काटेकोरपणे पाळावा लागतो. चिठ्ठीवरचा मजकूर, अगदी त्यातील शुद्धलेखनाच्या चुकांसह, एका रकान्यात जसाच्या तसा लिहावा. आजचे गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य यांचे रकाने वेगळे ठेवावेत. ‘डार्विन कोअर’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या नोंदपद्धतीत मूळ मजकुरासाठी अशी स्वतंत्र जागा ठेवलेलीच आहे. गावांच्या नावांविषयी आपल्या भागात प्रत्येकाच्या भावना तीव्र आहेत आणि त्या मी जाणतो. परंतु चिठ्ठी लिहिणाऱ्याने त्या दिवशी काय लिहिले, हे बदलण्याचा अधिकार नोंद करणाऱ्याला नाही.

एकाच नावाच्या दोन गावांचाही घोटाळा वरचेवर होतो. खानापूर आपल्याकडे आहे तसे सांगली जिल्ह्यातही आहे. जिल्हा लिहिलेला नसेल तर त्याच संग्राहकाच्या आदल्या व पुढच्या तारखांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवाव्यात; आदल्या दिवशी तो बेळगाव जिल्ह्यातील लोंढ्याला असेल तर प्रश्न बहुधा तिथेच सुटतो. तरीही शंका उरली तर ती शेऱ्यात लिहावी, मनाने गाव ठरवू नये.

अक्षांश-रेखांश

बेळगाव शहर साधारण १५ अंश ५१ मिनिटे उत्तर आणि ७४ अंश ३० मिनिटे पूर्व येथे आहे. दशांशात हे १५.८५ आणि ७४.५० होते, कारण एका अंशाची मिनिटे साठ असतात. पुष्कळदा मात्र घाईत १५.५१ आणि ७४.३० लिहिले जाते. हा बिंदू नकाशावर चाळीस किलोमीटरहून अधिक नैर्ऋत्येला, गोव्याच्या हद्दीलगतच्या घाटातील दाट जंगलात पडतो. पठारावरची, शेतांत वावरणारी माशी अशा रीतीने सदाहरित जंगलाची ठरते, आणि ही चूक नकाशावर चटकन खटकतही नाही, म्हणून ती अधिक घातक आहे. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जातो. ती चूक निदान लगेच लक्षात येते. प्रत्येक पेटी पूर्ण झाली की सर्व बिंदू एकदा नकाशावर पाहावेत.

दुसरी चूक खोट्या अचूकतेची. चिठ्ठीवर नुसते ‘जिल्हा बेळगाव’ असेल तर जिल्ह्याच्या मध्यावरचा बिंदू सहा दशांश स्थळांपर्यंत देण्यात काहीच अर्थ नाही. सुमारे १३,४०० चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात कणकुंबीचा मुसळधार पाऊस आहे आणि अथणीचा कोरडा माळही आहे. बिंदू द्यावा, पण त्यासोबत अनिश्चिततेची त्रिज्या मीटरमध्ये लिहावी. येथे ती जिल्ह्याचे टोक गाठेल इतकी मोठी असली पाहिजे.

तारखा आणि स्प्रेडशीट

‘४-७-३१’ ही ४ जुलै की ७ एप्रिल, हे चिठ्ठीवरूनच ठरवावे लागते. जुने संग्राहक महिना रोमन अंकांत लिहीत, तो असेल तर शंका राहत नाही. नसेल तर केवळ वर्ष नोंदवावे. तारीख लिहिताना वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठेवावा आणि रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यावा. असे केले नाही तर एक्सेल तारखांचे रूप बदलते, १९०० पूर्वीच्या तारखा तारीख म्हणून ओळखत नाही आणि नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गाळते. एका पेटीतील नमुन्यांच्या तारखा ओळीने एकेका दिवसाने वाढत गेलेल्या दिसल्या, तर माउसने रकाना खाली ओढताना ही वाढ झाली असे समजावे आणि मूळ चिठ्ठ्या पुन्हा वाचाव्यात.

छायाचित्र

वाळलेली माशी फार ठिसूळ असते. नमुना हाताळताना पंखा बंद ठेवावा, टाचणी चिमट्याने खालच्या बाजूस धरावी आणि चिठ्ठ्या काढायच्या तर एका वेळी एकाच नमुन्याच्या काढाव्यात, कारण दोन माश्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या तर ती चूक पुढे कोणालाही शोधता येत नाही. जुन्या पितळी टाचणीभोवती हिरवट थर आलेला असेल तर टाचणी उपटू नये, तिच्यासोबत छातीही फुटते.

नुसते वरून काढलेले एक छायाचित्र ओळखीला पुरत नाही. बाजूने, समोरून आणि पंखाचे असे आणखी तीन फोटो हवेत. समोरून पाहिल्यावर बहुतेक सिरफिड नरांचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले व मादीचे अलग दिसतात. पंखात या कुळाची खूण असलेली, कोठेही न जुळणारी ‘खोटी शीर’ दिसते. अंगावर पांढरे डाग चमकत असतील तर फ्लॅश थेट न मारता प्रकाश ट्रेसिंग पेपरमधून गाळून घ्यावा. चित्राचा काही भाग धूसर येत असेल तर वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून अनेक फोटो घ्यावेत आणि ते संगणकावर एकत्र जोडावेत. मोजपट्टी आणि सर्व चिठ्ठ्यांचा फोटो प्रत्येक नमुन्यासोबत असलाच पाहिजे.

ओळख

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांमुळे अनेक सिरफिड माश्या मधमाश्या किंवा गांधीलमाश्या म्हणून चुकीच्या पेटीत सापडतात. पंखांची एकच जोडी आणि आखूड मिशा पाहिल्या की हा गोंधळ मिटतो. जातीचे नाव मात्र फोटोवरून ठोकून देऊ नये. सिरफिड माश्यांच्या पॅरागस वंशातील कित्येक जाती नराचे जननांग तपासल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत, तेथे वंशाच्या नावावर थांबणे हेच प्रामाणिक काम आहे. जुन्या चिठ्ठीवर ‘सिर्फस बाल्टिएटस’ असेल आणि आज ती जाती ‘एपिसिर्फस’ वंशात धरली जात असेल, तर दोन्ही नावे ठेवावीत आणि कोणी, कोणत्या वर्षी ओळख पटवली हे प्रत्येक नावापुढे लिहावे. नवी ओळख झाल्यावर जुनी नोंद पुसू नये, तिच्याखाली नवी ओळ जोडावी, आणि तीच नवी ओळख छोट्या चिठ्ठीवर लिहून त्या माशीच्या टाचणीलाही लावावी.