सतराचा पाना कुठाय?

डिप्लोमा मेकॅनिकलचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता आणि मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी सुपरवायझरनी हातात पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश दिला. "फरशीवर पट्टे मार. गुरुवारी कस्टमरचं ऑडिट हाय." दोन दिवस उकिडवा बसून मी पट्टे मारले. त्या पट्ट्यांच्या आत काय ठेवायचं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ऑडिट पास झालं, पेढे वाटले, आणि पुढच्या आठवड्यात त्याच पट्ट्यांवर कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, क्रेट चढले. फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीट लावायची जपानी पद्धत, नुसतं रंगकाम आहे असं मला पुढं वर्षभर वाटत होतं.

आता नव्या पोरांना शिकवायचं काम माझ्याकडं असतं. ती येतात तेव्हा सेइरी (निवड), सेइतोन (जागच्या जागी मांडणी), सेइसो (सफाई), सेइकेत्सू (प्रमाणीकरण), शित्सुके (शिस्त) हे पाच शब्द पाढ्यासारखे म्हणून दाखवतात. टोयोटाचं नाव माहीत असतं, तिथली उत्पादनाची पद्धत घडवणारे ताइची ओहनो माहीत असतात. ओहनोंनी सांगितलेले वायफळपणाचे, म्हणजे 'मुदा'चे, सात प्रकारही पाठ असतात: जादा उत्पादन, वाट बघणं, मालाची ने-आण, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया, साठा, माणसाची फुकट हालचाल आणि रिजेक्शन. पाठ असायला हरकत नाही, इंटरव्ह्यूत विचारतात. पण शॉपमध्ये उभं राहिल्यावर यातलं नक्की काय दिसतं, असं विचारलं की गप्प होतात. मीही झालो होतो.

मला ते दिसलं एका मामांमुळं. आमच्या व्हीएमसीवरचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवरचे, सर्वांत जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. नव्या मॅनेजरसाहेबांनी मला सांगितलं, आठ तास मामांच्या बाजूला उभा राहा, ते जिथं जातील ती रेघ कागदावर ओढ, बाकी काही करू नको. शॉपचा कच्चा नकाशा काढला आणि लागलो. मामा वैतागले. "काय लिहायलाईस रं? माझी तक्रार करायची हाय व्हय?" चहाच्या सुट्टीत त्यांना कागद दाखवला. रेघांचा नुसता गुंता झाला होता, आणि त्यातल्या निम्म्या रेघा एकाच ठिकाणी जात होत्या: पलीकडच्या लेथच्या टेबलाकडं. सतराचा, म्हणजे सतरा मिलिमीटरचा, पाना तिथं असायचा. क्लॅम्पचे नट सगळे सतराचे, आणि सहा मशिनींत पाने दोन. मामा कागदाकडं बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे मी दिवसभर फिरायलोय व्हय?" त्यांच्या पायाला संध्याकाळी जी कळ लागायची, तिचं कारण त्या कागदावर होतं.

त्याला स्पॅगेटी डायग्राम म्हणतात हे मला नंतर कळलं. तुम्ही नवीन असाल तर पहिल्या आठवड्यात हेच करा. त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही, पैसे लागत नाहीत. फक्त ज्याची रेघ ओढणार त्याला आधी सांगा, आणि कागद साहेबांच्या आधी त्याला दाखवा. नाहीतर तो तुम्हाला कामाचा वेळ मोजायला घड्याळ घेऊन आलेला माणूस समजेल आणि पुढची दोन वर्षं खरं काही सांगणार नाही.

पाने आणून दिले तेव्हा खर्च किरकोळ आला. बोर्ड मी स्वतः केला: जुन्या प्लायवर प्रत्येक हत्यार ठेवून त्याची कडा मार्करनं आखली आणि आतला भाग लाल रंगवला. हत्यार जागेवर नसलं की लाल आकार लांबून दिसतो. काही कंपन्यांत असा सुंदर बोर्ड टूल रूममध्ये कुलपात असतो. त्याचा उपयोग फोटोपुरता. बोर्ड मशीनपासून हात लांब केल्यावर पोचेल तिथंच हवा.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुम्हीही करणार आहात.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, ट्रक दिवसच्या दिवस रस्त्यात उभे. कोल्हापुरातनं कुणी येऊ शकत नव्हतं. आम्ही टोप-वडगावकडचे सात-आठ जण तेवढे पोचत होतो. माल नाही, लाईट येते-जाते. साहेब फोनवर म्हणाले, रिकामे आहात तर रेड टॅगिंग करा. म्हणजे ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही तिला लाल चिठ्ठी बांधायची, तारीख घालायची, एका कोपऱ्यात ठेवायची, आणि ठरलेल्या मुदतीत कुणी मागितली नाही तर काढून टाकायची. मी उत्साहात होतो. मामांच्या मशीनखाली एक पट्टीचा तुकडा सापडला, कडा ग्राइंडरनं घासलेल्या, वर कसलासा पेंटचा ठिपका. दिसायला अस्सल भंगार. चिठ्ठी बांधायचाही कंटाळा केला आणि थेट भंगाराच्या ट्रॉलीत टाकला.

पूर ओसरला, माल सुरू झाला, आणि रात्रपाळीत पंपाच्या हाउसिंगचे तीन जॉब, म्हणजे मशीनवर लावलेले भाग, वाया गेले, वर कटर तुटला तो वेगळाच. त्या कास्टिंगची खालची बाजू सपाट नव्हती, फिक्स्चरवर, म्हणजे जॉब पकडायच्या चौकटीवर, तो डुलायचा. मामा गेली कैक वर्षं तो तुकडा पॅकिंग म्हणून खाली सरकवत होते. ठिपका होता कोणती बाजू वर ते कळायला. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मामांना माहीत होतं, आणि मामांकडनं रात्रपाळीच्या पोराला.

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "इचारायचं की लेका."

मग आम्ही दोघांनी तो तुकडा नव्यानं केला. जाडी मोजली, ड्रॉइंग काढलं, नंबर दिला, फिक्स्चरला साखळीनं बांधला आणि सेटिंगच्या कागदावर लिहिलं. चौथा एस, प्रमाणीकरण, मला त्या दिवशी समजला. एका माणसाच्या हातात असलेली गोष्ट दुसऱ्या पाळीतल्या माणसालाही सापडावी, इतकंच ते असतं. त्यासाठी भिंतीवर लॅमिनेट केलेले वीस कागद लागत नाहीत. उलट वीस कागद असले की एकही कुणी वाचत नाही.

सफाईबद्दल मुलांची तक्रार असते की आम्ही डिप्लोमा झाडू मारायला केला का. खरं सांगू, मशीन जो पुसतो त्यालाच ती कळते. हायड्रॉलिकचा होज पाझरत होता, आणि कुणीतरी त्याखाली कॉटन वेस्टचा बोळा ठेवून प्रश्न मिटवला होता. बोळा काढून पुसायला घेतलं तेव्हा होजला चीर दिसली. तो बोळा तसाच राहता तर एके दिवशी सगळं तेल खाली आणि त्यावरनं कुणीतरी घसरलेला. पुसताना तीन गोष्टी मात्र डोक्यात ठेवा. मशीन बंद, आणि चुकून कुणी चालू करणार नाही अशी कुलूप-पाटीची सोय. चिप्स हातानं नाही, हुकानं किंवा ब्रशनं. आणि लेथ-ड्रिलसारख्या फिरत्या मशीनवर काम करताना हातमोजे घालायचे नाहीत. नवीन मुलांना वाटतं मोज्यानं हात वाचतो. फिरता जॉब मोज्याचं टोक धरून अख्खा हात आत ओढतो. एअर गननं अंगावरची धूळ उडवायची सवय तर आजच सोडा, डोळा जातो.

जागेवर वस्तू ठेवण्यापेक्षा जागा मोकळी ठेवणं अवघड. इलेक्ट्रिकल पॅनेलसमोर किमान एक मीटर मोकळं हवं, हा नियम आहे. पण भिंतीलगतची मोकळी जागा दिसली की कुणाला तरी तिथं क्रेट ठेवायचा मोह होतोच. अग्निशामक सिलिंडरचीही तीच गत. १९४८ च्या कारखाने कायद्यातही जाण्या-येण्याच्या वाटेवर अडथळा नको, घसरडं काही नको असं लिहिलं होतं. ऑडिटच्या दिवशी कोणती कंपनी कशी आहे हे मी पट्ट्यांवरून ठरवत नाही. पॅनेलसमोर जाऊन उभा राहतो.

कोल्हापुरात राहायचं तर फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, कधी ना कधी जालच. तिथं हा पसाऱ्याचा प्रश्न जिवावरचा असतो. वितळलेल्या लोखंडात ओलं भंगार पडलं तर पाण्याची क्षणात वाफ होते, तिचं आकारमान हजार पटींहून जास्त वाढतं, आणि धातू उसळून बाहेर येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात भंगार उघड्यावर पडलेलं असणं म्हणजे काय, ते यावरनं समजा. तोंड बंद असलेले पाइप, जुने शॉक ॲब्सॉर्बर वेगळे काढणं ही तिथली पहिली निवड. तिथं 'कामाचं, बिनकामाचं' एवढं पुरत नाही, 'सुकं, ओलं' हेही बघावं लागतं.

सेटिंगचा, म्हणजे एक जॉब संपवून दुसऱ्यासाठी मशीन तयार करण्याचा, वेळ कमी करण्याबद्दल एवढंच: जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंची पद्धत वाचा, पण सुरुवात एका प्रश्नानं करा. मशीन बंद असताना आपण जे करतोय, त्यातलं काय मशीन चालू असतानाच तयार करून ठेवता आलं असतं? आमच्याकडं उत्तर निघालं, पुढच्या जॉबचे टूल आणि क्लॅम्प ट्रॉलीवर आधीच लावणं. नवी मशीन न घेता काम पुढं सरकलं.

पाचव्या एसचं, शिस्तीचं, मला अजून जमलेलं नाही. पाळी बदलताना दहा मिनिटं आवरायला द्यायची असं ठरलंय, पण डिस्पॅचची गाडी दारात उभी असली की त्या दहा मिनिटांवर पहिली कुऱ्हाड पडते, आणि ती कुऱ्हाड बऱ्याचदा माझ्याच हातात असते.

मामा मागच्या वर्षी रिटायर झाले. स्टोअरच्या माळ्यावर एक लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा बनवायचा नमुना, आहे, जुन्या ऑइल इंजिनच्या फ्लायव्हीलचा. मालकांच्या वडिलांनी स्वतः केलेला. त्याचा जॉब बंद होऊन जमाना झाला. त्यावर मी आजवर तीनदा लाल चिठ्ठी बांधली, तीनदा मुदत संपली, आणि तीनदा मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे." परवा नव्या पोरानं विचारलं, सर, हे कुठल्या एसमध्ये बसतं? मी त्याला चिठ्ठीवर नवी तारीख घालायला सांगितली.