स्पेनच्या ऑनलाइन मास्टर्सचा उतारा कसा काढावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत जमीन घेताना कोणीही आधी उतारा पाहतो आणि मगच इसार देतो. मात्र मोबाइलवर आलेल्या जाहिरातीतील ‘स्पेनचे ऑनलाइन मास्टर्स’ पाहून फीचा पहिला हप्ता भरताना हीच सावधगिरी बाजूला पडते. अशा पदवीचाही उतारा काढता येतो, आणि तो घरबसल्या, विनाशुल्क मिळतो.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. प्रश्न ऑनलाइन असण्याचा नाही. १९७२ साली स्थापन झालेले ‘उनेद’ हे स्पेनचे सरकारी दूरशिक्षण विद्यापीठ अधिकृत मास्टर्स देते. खरा फरक पदवीच्या प्रकारात आहे. ‘मास्टर युनिवर्सितारिओ’ ही सरकारमान्य पदवी असून तिच्या अभ्यासक्रमाची बाहेरून पडताळणी होते. ‘तीतुलो प्रोपिओ’ ही मात्र विद्यापीठाने स्वतःच्या अधिकारात दिलेली पदवी आहे; २०२१ च्या शाही आदेशानंतर तिच्यातील मास्टर्सला ‘मास्टर दे फॉर्मासिओन पेर्मानेन्ते’ म्हणतात. ती खोटी नसते, बेकायदेशीरही नसते. परंतु तिच्या जोरावर पीएचडीचा प्रवेश आपोआप मिळत नाही. दोन्हींना ६० किंवा त्याहून अधिक ईसीटीएस क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे युरोपीय एकक) असू शकतात, त्यामुळे केवळ क्रेडिटचा आकडा पाहून भुलू नये. याशिवाय तिसराही प्रकार आढळतो: विद्यापीठच नसलेली एखादी ‘बिझनेस स्कूल’ स्वतःच्या प्रमाणपत्रावर ‘मास्टर’ हा शब्द छापते.

उतारा म्हणजे स्पेनच्या मंत्रालयाची ‘आरयूसीटी’ ही नोंदवही: विद्यापीठे, केंद्रे आणि अधिकृत पदव्या यांची. तिच्यात विद्यापीठाचे नाव शोधून थांबू नये. नेमक्या अभ्यासक्रमाचे नाव व सांकेतिक क्रमांक शोधावा, कारण नामांकित विद्यापीठाचेही अनेक अभ्यासक्रम तेथे नसतात. पदवीपत्राचा नमुना मागावा. अधिकृत पदवीवर राजाच्या नावाने, आणि त्याच्या वतीने रेक्टरने (विद्यापीठाच्या प्रमुखाने), पदवी दिल्याचा मजकूर असतो.

जाहिरातदार ‘अपोस्टिल’चा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मिळणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणाचा, मोठा बडेजाव करतात. कन्नड, मराठी आणि इंग्रजी कागद रोज हाताळणाऱ्या आपल्या भागात शिक्क्याची जरब आहे, हे त्यांना बहुधा ठाऊक असावे. अपोस्टिल केवळ सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचा अधिकार खरा असल्याचे सांगते; अभ्यासक्रमाच्या दर्जाबद्दल ते काहीही सांगत नाही. ‘युनेस्कोमान्य’ हे विशेषणही तितकेच पोकळ आहे, कारण युनेस्को विद्यापीठांना मान्यता देत नाही.

यानंतर भारताच्या बाजूने पाहावे, आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. स्पेनमध्ये अधिकृत असलेली पदवी येथे आपोआप समकक्ष ठरत नाही. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये नवे विनियम अधिसूचित केले आहेत. परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून पदव्या देऊ करणाऱ्या एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्यांबाबत तर त्याने डिसेंबर २०२३ मध्येच विद्यार्थ्यांना सावध केले होते. म्हणून बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात) पुढे संशोधन करायचे असेल, अथवा सरकारी नोकरीसाठी पदवी दाखवायची असेल, तर फी भरण्याआधी त्या विद्यापीठाला किंवा भरती करणाऱ्या संस्थेला लेखी विचारावे. बेंगळुरू-पुण्यातील खासगी कंपनीत कौशल्य दाखवणे एवढाच हेतू असेल, तर चांगल्या विद्यापीठाची ‘तीतुलो प्रोपिओ’ही उपयोगी ठरू शकते, मात्र तिची फी अधिकृत पदवीच्या फीशी ताडून पाहावी.

शेवटी मध्यस्थाला टाळून थेट विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ई-मेल करावा: हा अभ्यासक्रम अधिकृत आहे का, त्याचा आरयूसीटी क्रमांक काय, आणि पदवी कोणाच्या नावाने निघेल? उत्तरात क्रमांकाऐवजी ‘आज नोंदणी केल्यास सवलत’ आली, तर पैसे भरू नयेत.