कीटकांचे मॅक्रो फोटो: या चुका टाळा

मॅक्रो लेन्स (लहान गोष्टींचे अगदी जवळून मोठे फोटो घेणारी) हातात आली की बहुतेक नवशिके पहिल्याच दिवशी अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/२२ वर नेऊन ठेवतात (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक). किडा मिशांपासून शेपटीपर्यंत शार्प हवा, एवढाच हिशोब. मग फोटो मॉनिटरवर मोठा करून बघितला की सगळंच एकसारखं मऊ दिसतं.

कारण साधं आहे. १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, अॅपर्चरचा आकडा जवळपास दुप्पट धरायचा असतो. म्हणजे एफ/२२ चं प्रत्यक्षात एफ/४४ होतं (काही कॅमेरे हा प्रत्यक्ष आकडाच दाखवतात) आणि एवढ्या बारीक छिद्रातून येणारा प्रकाश पसरून बारकावे खाऊन टाकतो. बदल्यात मिळतं काय? फुल-फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरचा कॅमेरा) १:१ ला एफ/११ ठेवलं तर साधारण १.३ मिमी जाडीचा भाग शार्प येतो, एफ/२२ ला २.६ मिमी. जेमतेम सव्वा मिलिमीटरसाठी अख्ख्या फोटोची धार घालवायची!

एका नवशिक्याने चतुराचे फोटो मऊ येतात म्हणून चांगली लेन्स दुरुस्तीला दिली. ती ‘दोष नाही’ अशा शेऱ्यासह परत आली, तरी फोटो तसेच. फाइल्स तपासल्या तर सगळ्या एफ/२२ किंवा त्यापुढच्या, आणि सगळे फोटो तिरके घेतलेले. तोच चतुर एफ/११ ला, अगदी बाजूने आणि सेन्सर अंगाला समांतर धरून टिपल्यावर डोळा, छाती आणि शेपूट एकाच प्रतलात आले. डोळ्यातल्या षटकोनी जाळीची घरं वेगवेगळी दिसू लागली. तेव्हा एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जाऊ नका, कोन बदला. समोरून घेत असाल तर फक्त डोळे शार्प ठेवा, बाकीचं खुशाल धूसर होऊ द्या. एडिटिंगमध्ये शार्पनिंग वाढवून हरवलेला तपशील परत येत नाही.

ऑटोफोकस बंद करा. आधी मॅग्निफिकेशन ठरवा, मग फोकस रिंगला हात न लावता स्वतः किंचित पुढे-मागे झुका आणि डोळा शार्प दिसला की बटण दाबा.

दुसरी, तितकीच डोक्यात जाणारी चूक म्हणजे उघडा फ्लॅश. भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो आणि त्याचा हिरवा-निळा रंग जळून जातो. फ्लॅशवर प्लास्टिकची छोटी टोपी चढवून हा डाग जात नाही, कारण प्रकाश अजूनही तेवढ्याच तुकड्यातून येतो. प्रकाश मऊ होतो तो किड्याच्या मानाने उगम मोठा झाल्यावर. त्यासाठी ए-५ आकाराचा ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरा फोम लेन्सच्या तोंडापर्यंत पुढे आणा. फ्लॅश आणि कागद यांच्यात मोकळी जागा हवीच; कागद फ्लॅशला चिकटवला तर प्रकाश पसरणार कुठे? मग एक चाचणी फोटो घेऊन भुंग्याच्या पाठीवरचं प्रतिबिंब बघा. मधोमध तेजस्वी ठिपका असेल तर थोडं अंतर सोडून कागदाचा दुसरा थर लावा.

फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ पॉवर किंवा त्याहून कमी. शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) २०० पासून सुरुवात. एवढ्या कमी पॉवरला फ्लॅश १/५००० सेकंदाहूनही कमी वेळ पेटतो, त्यामुळे हाताची थरथर फोटोत उतरत नाही. लेन्स हूड (लेन्सच्या तोंडावरची सावली धरणारी नळी) काढून ठेवा. १०० मिमी मॅक्रोला १:१ वर लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत मुळात १३-१५ सेंमीच मिळतात, त्यातले काही हूड खातो आणि वर प्रकाशही अडवतो.

मागचा भाग काळाकुट्ट येतोय? किड्यामागे १०-१५ सेंमीवर एखादं पान येईल असा कोन घ्या.

फोकस स्टॅकिंगची, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो जोडून एक शार्प फोटो करण्याची, घाई करू नका. चालत्या मुंगीचे वीस फोटो जोडलेत तर तिला आठ मिशा फुटतील. स्टॅकिंग स्थिर किड्यासाठी, वारा पडलेला असताना.

आणि किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवण्याचा शॉर्टकट तर अजिबात नको. थंडीने आखडलेल्या किड्याचे पाय वेडेवाकडे मुडपतात, फोटोत ते लगेच ओळखू येतं आणि जीव जाऊ शकतो ते वेगळंच. त्यापेक्षा पहाटे उठा. रात्रभर गारठलेले किडे सूर्य वर येईपर्यंत जागचे हलत नाहीत. चतुराने पंख थरथरवायला सुरुवात केली की तो अंग तापवतोय असं समजा आणि उरलेले एक-दोन फोटो उरकून घ्या.