पोर्ट दिसत नाही? ड्रायव्हर शोधण्याआधी या चुका टाळा

"पोर्ट दिसत नाहीये, ड्रायव्हरची लिंक द्या ना." आर्डुइनोसारखा बोर्ड यूएसबीने कॉम्प्युटरला जोडला, पण त्याच्याशी बोलायचा सीरियल पोर्ट यादीत आला नाही की लोक हेच म्हणतात. यावर मी एकच विचारतो: चिप कोणती? उत्तरात बोर्डाचं नाव येतं. बोर्डाच्या नावाचा इथे काही उपयोग नाही. ड्रायव्हर लागतो तो बोर्डावरच्या यूएसबी-सीरियल चिपला (कॉम्प्युटरची यूएसबी आणि बोर्डाची सीरियल भाषा यांच्यातला दुभाषा), आणि एकाच नावाने मिळणाऱ्या दोन बोर्डांवर दोन वेगळ्या चिप निघतात.

चिप ओळखायला भिंग लागत नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदीवर उजवी क्लिक करा, मग प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथे 'व्हीआयडी'पुढे, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ओळख क्रमांकात, ०४०३ असेल तर एफटीडीआय, १०सी४ असेल तर सिलिकॉन लॅब्सची सीपी२१०२ किंवा तिची भावंडं, १ए८६ म्हणजे सीएच३४० बनवणारी डब्ल्यूसीएच, ०६७बी म्हणजे प्रोलिफिक. मॅकवर हेच आकडे सिस्टिम रिपोर्टमध्ये दिसतात, लिनक्सवर 'एलएसयूएसबी' कमांडने. आकडा कळला की चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्यायचा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी पॅकं मी कुणाच्याही मशिनवर टाकू देत नाही. पोर्ट मिळो न मिळो, चार नको ती सॉफ्टवेअरं नक्की मिळतात.

आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोणही नाही, 'अननोन डिव्हाइस'ही नाही, काहीच हलत नाही, असं असेल तर ड्रायव्हरचा विषय बंद करा. ड्रायव्हर नसला तरी काहीतरी जोडलं गेलंय एवढं कॉम्प्युटरला कळतंच. तेही कळत नसेल तर केबल बदला. "पण बोर्डावरचा दिवा लागलाय!" दिवा लागणारच. त्याला पॉवरच्या दोन तारा पुरतात, डेटाच्या दोन तारा वेगळ्या, आणि फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये त्या नसतातच. चालते अशी खात्री असलेल्या एका केबलला मी लाल चिकटपट्टी लावून ठेवली आहे. तपासणी कायम तिच्यानेच, आणि ती कुणाला उसनी देत नाही.

हा सगळा शहाणपणा शिकवणारा मीही एकदा सपशेल आपटलो. नवी लिनक्स टाकली होती, सीएच३४० चा बोर्ड जोडला. पोर्ट क्षणभर दिसला आणि गायब. पुन्हा जोडला, पुन्हा तेच. या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये (तिच्या गाभ्यात) आधीपासून असतो हे मला माहीत होतं, तरी डोक्यात बसलं की तो बिघडलाय. सोर्स उतरवला, कंपाइल केला, कर्नलची हेडर्स मिळेनात म्हणून त्यांच्या मागे लागलो, जुना मॉड्यूल काढून नवा घातला. संध्याकाळ गेली, पोर्ट काही टिकेना. झोपायच्या आधी सहज कर्नलचे संदेश दाखवणारी 'डीमेसेज' कमांड चालवली, आणि तिथे सरळ लिहिलेलं: पोर्ट 'बीआरएलटीटीवाय' नावाच्या प्रोग्रॅमने उचललाय. हा दृष्टिहीनांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल यंत्रांत हीच चिप असते, आकडेही तेच, १ए८६ आणि ७५२३. त्यामुळे माझा बोर्ड त्याला ब्रेल यंत्रच वाटला. ते पॅकेज काढलं आणि पोर्ट टिकला. तुमच्याकडे कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत असेल तर मात्र पॅकेजला हात लावू नका, यूडेव्हच्या (जोडलेलं यंत्र ओळखून पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या) नियमांतली त्या आकड्यांची ओळ तेवढी बंद करा. तेव्हापासून लिनक्सवर मी बोर्ड जोडला की आधी डीमेसेजच्या शेवटच्या दहा ओळी वाचतो, मग बाकीचं.

लिनक्सवरची दुसरी नेहमीची रड म्हणजे 'परमिशन डिनाइड'. इथे ड्रायव्हर ठीक असतो, सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या 'डायलआउट' गटात तुम्ही नसता (आर्चवर त्याच गटाचं नाव 'यूयूसीपी'). गटात नाव घाला, लॉगआउट करून परत या. लॉगआउट न करताच "काही फरक पडला नाही" म्हणणारे भरपूर. आणि गटात नाव घालणारी 'यूजरमॉड' कमांड चालवताना 'जी'च्या आधीचा छोटा 'ए' विसरू नका, नाहीतर बाकीच्या गटांतून तुमचं नाव निघतं, ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडो गटातूनसुद्धा. पोर्ट सगळ्यांना मोकळा करणारी 'सीएचमॉड' कमांड हा आळशीपणा आहे. बोर्ड काढून परत लावला की ती परवानगी गेली.

मॅकवर नव्या आवृत्त्यांत यांतल्या बऱ्याच चिपसाठी ॲपलचे स्वतःचे ड्रायव्हर बहुधा आलेलेच असतात. आधी जोडून पाहा. उगाच वरून दुसरा टाकला की एकाच बोर्डाचे दोन पोर्ट दिसायला लागतात. टाकावाच लागला तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन 'अलाउ' दाबा. आणि 'टीटीवाय'ने सुरू होणारा नाही, 'सीयू'ने सुरू होणारा पोर्ट निवडा. पहिला समोरून कॅरियर सिग्नल येईपर्यंत उघडायचाच थांबू शकतो.

विंडोजवर 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर बहुधा दुसऱ्या खिडकीत सीरियल मॉनिटर (बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणारी खिडकी) उघडा असतो. तो बंद करा.

बोर्ड दुसऱ्या यूएसबी भोकात लावला की विंडोजने पोर्टला दिलेला कॉम नंबर बदलू शकतो. कालचा नंबर आज गृहीत धरू नका.

नकली चिपबद्दल थोडं. २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपचा पीआयडी (उत्पादनाचा ओळख क्रमांक) शून्य करून टाकला होता, आणि चालू असलेली यंत्रं रातोरात ओळखेनाशी झाली. प्रोलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिपच्या केबलवर नवा ड्रायव्हर 'कोड १०' (यंत्र सुरू होत नाही) अशी चूक दाखवतो. तोच ड्रायव्हर दहादा टाकून उपयोग नाही, डिव्हाइस मॅनेजरमधून जुनी आवृत्ती निवडावी लागते, आणि पुढच्या अपडेटला विंडोज परत नवी आणून ठेवू शकतं. दोन-तीनदा हे करून झाल्यावर मी त्या केबली खोक्यात टाकल्या आणि दुसऱ्या चिपची केबल घेतली.