नोंदीसाठी छायाचित्रण : निघण्यापूर्वीची तयारी

आदल्या रात्री सर्वांत आधी कॅमेऱ्याचे घड्याळ फोनच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवून घ्यावे, आणि कॅमेरे दोन असतील तर दोन्हींचे; कारण जीपीएसच्या नोंदीशी (कोणत्या वेळी आपण कोठे होतो, याची नोंद) छायाचित्राची सांगड वेळेवरूनच घातली जाते, आणि घड्याळ तासभर चुकलेले असेल तर दरीतल्या झाडाचा फोटो नकाशावर भलत्याच टेकडीवर जाऊन बसतो. नंतर फोनच्या घड्याळाचाच एक फोटो काढून ठेवावा, म्हणजे उरलेला फरक मोजता येतो.

इमारतींसाठी तिपाई, छोटी पाणसळ आणि रुंद कोनाची लेन्स घ्यावी. कॅमेरा वर कलला की उभ्या भिंती आत झुकलेल्या दिसतात, म्हणून तो भिंतीला समांतर ठेवून पुरेसे मागे सरकता येईल का, आणि दर्शनी बाजूवर ऊन केव्हा येते, हे नकाशावर आधीच पाहावे. १८५८ मध्ये जर्मनीत वेट्झलार येथील कॅथेड्रलची मापे घेताना वास्तुविशारद आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर उंचावरून पडता पडता वाचला, आणि फोटोंवरूनच इमारत मोजण्याची कल्पना त्याला तेथे सुचली. आज त्याच तत्त्वावर त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल, तर लगतच्या दोन फोटोंत किमान ६० टक्के भाग सामाईक यावा लागतो. त्या हिशेबाने मेमरी कार्डे न्यावीत, तरीही ती कमी पडतात.

क्षेत्रकार्यासाठी मोजपट्टी, रंगपट्टी (फोटोतले रंग पडताळण्यासाठी), होकायंत्र, वही आणि पेन्सिल (शाई ओलाव्याने पसरते) हे साहित्य लागते. मोजपट्टी वस्तूच्याच पातळीत ठेवावी, कारण ती पुढे किंवा मागे सरकली की माप खोटे ठरते, आणि हे घरी परतल्यावर दुरुस्त करता येत नाही. जुन्या जागेचे पुन्हा छायाचित्र घ्यायचे असेल तर आधीच्या फोटोची छापील प्रत, लेन्सची केंद्रलांबी (फोकल लेंग्थ) आणि तिपाईची उंची सोबत असावी.

रस्त्यावरच्या जीवनासाठी एकच लहान लेन्स पुरते. मात्र जेथे परवानगी लागते तेथील पत्र हाताशी ठेवावे आणि मुलांचे फोटो पालकांना विचारूनच घ्यावेत.

थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. गारव्यातून उबदार खोलीत येताना कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्यावा, नाहीतर लेन्सवर दव धरते. संध्याकाळी फोटोंच्या दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसू नये.